पोदेराला चालेल असा रस्ता: गोव्यात आपल्या वॉर्डात सायकलसाठी काम कसं सुरू करायचं

पहाटे साडेपाच-सहाला पणजीजवळच्या आमच्या रायबंदरात भोंगा वाजतो, पों पों, आणि पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, येतो. सायकलच्या मागे भलीमोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आत उंडे, पोळी, काकणं असे पावाचे प्रकार, आणि तो सायकलवरून न उतरता एक पाय पायरीवर टेकून पाव मोजून देतो. संध्याकाळी चारच्या सुमाराला परत तोच आवाज. मी हे लहानपणापासून बघत आलेय पण ह्याचा सायकलच्या रस्त्यांशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात यायला बरीच वर्षं गेली.

सायकलसाठी काहीतरी करा म्हटलं की आपल्याकडे लगेच लाल-हिरवे पट्टे, उद्घाटनाची फीत, टीशर्ट वाटप आणि रॅली असं चित्र डोळ्यासमोर येतं. पण गोव्यात रोज न चुकता, पावसात सुद्धा, सायकल चालवणारा माणूस कोण तर पोदेर, मग बांधकामावरचे कामगार, हॉटेलात रात्रपाळी करून घरी जाणारी पोरं, काही शाळेची मुलं आणि थोडी वयस्क माणसं. म्हणून माझी कसोटी एकच आहे आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्या कसोटीवर आहे: जुलै महिन्यात, पहाटेच्या अंधारात, भरलेली टोपली घेऊन पोदेर ह्या रस्त्यावरून न घाबरता जाऊ शकेल का? जाऊ शकत असेल तर तुमची आठवीतली मुलगी पण जाऊ शकेल आणि तुमची आई पण बाजारात जाऊ शकेल. तो जाऊ शकत नसेल तर तिथे कितीही रंग ओता, उपयोग नाही.

आणि हे आत्ताच करायला पाहिजे कारण पोदेर पण हळूहळू स्कूटरवर जायला लागलेत. घरी चारचाकी गाडी असलेल्या कुटुंबांच्या टक्केवारीत गोवा देशात पहिला आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास निघालं. एवढ्या गाड्या आपल्या वाड्यावाड्यातल्या अरुंद रस्त्यांवर आल्या तर काय होतं ते आपण सगळे रोज बघतोच.

आधी मोजा

पहिलं काम पत्र लिहायचं नाही, नगरसेवकाकडे जायचं नाही, पहिलं काम मोजायचं. कारण "आमच्याकडे सायकल चालवतंच कोण" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक ऑफिसात ऐकायला मिळणार आहे आणि त्याला उत्तर फक्त आकड्याने देता येतं.

तीन-चार जण जमवा, जास्त नकोत. एक नाका निवडा. तीन वेळा मोजा: पहाटे साडेपाच ते साडेआठ (ही वेळ सगळे सोडून देतात आणि पोदेर, मासे विकणारे, कामगार नेमके तेव्हाच असतात), दुपारी शाळा सुटताना, आणि संध्याकाळी पाच ते आठ. एका कागदावर रकाने करा, पुरुष, बाई, मूल, मागे ओझं आहे का, लाईट आहे का, उलट्या बाजूने जातोय का, फुटपाथवरून जातोय का. शेवटचे दोन रकाने फार महत्त्वाचे आहेत, ते चूक पकडायला नाहीत. माणूस उलट्या बाजूने जातो तेव्हा त्याला सरळ बाजूने जायला रस्ता ओलांडायची भीती वाटतेय किंवा फेरा फार लांब पडतोय, म्हणजे तिथे डिझाईन चुकलंय. त्या जागेवर नकाशात खूण करा.

सोमवार आणि शुक्रवार हे दोन दिवस सोडून आठवड्याचा एखादा मधला दिवस घ्या, चतुर्थी, नाताळ, कार्निव्हल असे दिवस टाळा. एकदा कोरड्यात मोजा आणि एकदा पावसात. बायकांचा आणि मुलांचा आकडा वेगळा काढा कारण जगात सगळीकडे हेच दिसतं की रस्ता धोक्याचा असला की आधी बायका आणि मुलं सायकल सोडतात, धाडसी पुरुष तेवढे उरतात. शंभर सायकलवाल्यांत बायका चारच निघाल्या तर तो आकडाच तुमचं पत्र आहे.

एकच रस्ता घ्या, आणि तो पूर्ण घ्या

अख्खी पणजी सायकलची करायला निघालात तर दोन मीटिंगमध्ये दमाल. एकच रस्ता घ्या, दोन ते पाच किलोमीटरचा, ज्याच्या दोन्ही टोकांना रोजचं काम आहे, म्हणजे शाळा, बाजार, बसस्टँड, फेरीचा धक्का, इस्पितळ. निवांत चालवलं तरी सायकल ताशी १२ ते १५ किलोमीटर जाते, म्हणजे तीन किलोमीटर बारा-पंधरा मिनिटांत. तेवढ्याच वेळात पणजीत कधी कधी गाडी लावायला जागा पण मिळत नाही.

आमचा रस्ता रायबंदर फेरी धक्का ते पणजी बाजार. मधला बांध पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात घातलेला, तीनेक किलोमीटर, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी, चढ म्हणून नाहीच. सायकलसाठी ह्याच्यापेक्षा चांगला रस्ता शोधून सापडणार नाही, आणि तरीही लोक इथून सायकल न्यायला घाबरतात. का? कारण सपाट आणि सरळ आहे म्हणून गाड्या सुसाट जातात, आणि पणजीच्या टोकाला दिवजा सर्कल येतं जिथे महामार्गाची वाहतूक अंगावर येते. म्हणजे पाच किलोमीटरमधले साडेचार किलोमीटर ठीक असले तरी शेवटचा अर्धा किलोमीटर माणसाला स्कूटर घ्यायला लावतो. हे लक्षात ठेवा, रस्त्याची किंमत त्याच्या सगळ्यात वाईट जागेवरून ठरते, सरासरीवरून नाही.

मग तो रस्ता सायकलवरून फिरा, पण सायकलप्रेमी मित्रांना नेऊ नका. जो कधी चालवत नाही त्याला न्या, शेजारची मावशी, दहावीतला मुलगा, जमलं तर नगरसेवक. ते जिथे जिथे उतरतात, थांबतात, श्वास रोखतात तिथे फोटो काढा. आमच्या फेरीत जे सापडलं त्यातलं बरंचसं दोन-चार हजारात दुरुस्त होणारं होतं. गटाराच्या लोखंडी जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने, म्हणजे सायकलचं चाक सरळ आत जातं, जाळी फक्त आडवी फिरवून बसवायची. डांबराची कड चार-पाच इंच उंच आणि खाली चिरेमातीचा उतार, म्हणजे मागून गाडी आली की खाली उतरायला जागाच नाही. वळणावर वाहून आलेली खडी. पावसानंतर वाढलेली झुडपं जी नेमकी सायकलच्या जागेवर झुकलेली असतात. खोदून परत नीट न भरलेले चर. तीन खांबांवरचे बंद दिवे. माझी मुलगी अशाच एका जाळीत चाक अडकून पडली, हाताला तीन टाके पडले, त्या दिवसापासून मी जाळ्यांचे फोटो काढायला लागले आणि अजून काढते.

रस्ता कोणाचा आहे ते शोधा

ह्या पायरीवर लोक महिने घालवतात म्हणून सरळ सांगते. पणजीत आतले बरेच रस्ते महानगरपालिकेकडे, मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे म्हणजे साबांखाकडे, महामार्ग वेगळा, आणि गावात पंचायतीचे रस्ते. दिवे वीज खात्याचे, फेरीचा धक्का नदी परिवहन खात्याचा. वेगमर्यादा, नो पार्किंग, एकेरी वाहतूक ह्यांची अधिसूचना जिल्हाधिकारी काढतात आणि अंमल वाहतूक पोलीस करतात. म्हणजे एकाच वळणासाठी तुम्हाला तीन पत्रं लिहावी लागतील. खात्री नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यायला पाहिजे, आणि दोनच प्रश्न विचारा: हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, आणि पुढचं डांबरीकरण कधी आहे. दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. नवीन डांबर पडणार असतं तेव्हाच जाळ्या फिरवणं, कडा भरणं, पट्टे बदलणं जवळजवळ फुकटात होतं, डांबर पडून गेल्यावर तेच काम मागितलं तर पुढची पाच वर्षं "आत्ताच केलाय रस्ता" हेच ऐकायचं.

गावात राहात असाल तर ग्रामसभा सोडू नका. रविवारी असते, ठराव लेखी द्या, त्यात रस्त्याचं नाव, सुरुवात-शेवट, नेमकी मागणी लिहा आणि इतिवृत्तात आलं की नाही ते पुढच्या सभेत बघा. "सायकलला प्रोत्साहन द्यावं" असला ठराव कोणीही पास करतं आणि कोणीही विसरतं. "अमुक देवळापासून तमुक शाळेपर्यंतच्या सहा जाळ्या बदलाव्यात" हा ठराव विसरता येत नाही.

पत्रात अजून एक ओळ घाला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलंय, रस्त्याचं डिझाईन किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा निकषांप्रमाणे नसल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणाला अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकी म्हणून लिहू नका, फोटो आणि तारीख जोडून शांतपणे लिहा. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा.

वेग कमी करा, ट्रॅक नंतर

सगळ्यात जास्त वेळ मी ह्या मुद्द्यावर घेणार आहे कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

गोव्यातल्या बहुतेक वाड्यांतले रस्ते चार-पाच मीटरचे, दोन्ही बाजूला चिऱ्याची गडगी म्हणजे कुंपणाच्या भिंती, मध्ये कुठेतरी खुरीस म्हणजे क्रूस, कुठे तुळशीवृंदावन, कुठे जुना आंबा. पणजीतलं फोंताईन आणि मळा, म्हापशाचा जुना बाजार, फोंड्याच्या आतल्या गल्ल्या, इथे सायकल ट्रॅक बसणार कुठे? बसणार नाही, आणि बसवायची गरज पण नाही. तिथे गाडी हळू जायला पाहिजे, बस. गाडी ताशी ३० च्या आत असेल तर सायकल आणि गाडी एका रस्त्यावर राहू शकतात. ५० वर गेली की नाही. साधा हिशोब आहे, धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, ३० चे ५० झाले की ती पावणेतीन पट होते, आणि थांबायला लागणारं अंतर जवळजवळ दुप्पट. म्हणूनच माणसं आणि गाड्या मिसळतात तिथे ३० ची मर्यादा ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण नुसता ३० चा बोर्ड लावून कोणी हळू जात नाही, रस्त्यानेच हळू जायला लावलं पाहिजे. ते कसं करायचं तर पहिलं म्हणजे स्पीडब्रेकर नीट करायचा. आपल्याकडे जे जेमतेम अर्धा मीटर रुंदीचे टोकदार ब्रेकर रातोरात उगवतात ते सायकलला सगळ्यात जास्त त्रास देतात, पोदेराची टोपली उडते, गाडीवाला मात्र ब्रेकर संपला की दुप्पट जोराने पळतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोल हंप दिलाय, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ च्या वेगासाठी. त्याच्यावरून सायकल आरामात जाते, गाडीने जोरात गेलं तरच दणका बसतो. पत्रात हेच आकडे लिहा. नुसतं "स्पीडब्रेकर पाहिजे" लिहिलंत तर तोच टोकदार उंचवटा मिळेल आणि मग तुम्हीच तो काढायला पत्र लिहाल.

दुसरं, शाळा, देऊळ, चर्च, बाजार ह्यांच्या समोर झेब्रा क्रॉसिंगच उचलून फुटपाथच्या पातळीला आणा, वर सपाट, दोन्ही बाजूला हलका उतार. माणसाला ओलांडायला पायरी नाही आणि गाडीला आपोआप हळू व्हावं लागतं. तिसरं, कोपरे आवळा. आपल्या नाक्यांवर कोपरा इतका ऐसपैस गोल असतो की गाडी वेग न कमी करता डावीकडे वळते आणि त्याच वेळी सरळ जाणाऱ्या सायकलला कापते. तिथे दोन-चार कुंड्या किंवा कोन ठेवून कोपरा काटकोनाच्या जवळ आणला की वळणारी गाडी हळू होते. हे एका सकाळी करून बघता येतं.

चौथं, मोठ्या रस्त्यावरची गर्दी चुकवायला वाड्यातून शॉर्टकट मारणाऱ्या गाड्या. गुगल मॅप त्यांना आपल्या अंगणातून नेतं. वाड्याच्या मध्ये एका जागी दोन-तीन खांब उभे केले, दोन खांबांमध्ये दीड मीटर जागा, तर सायकल, स्कूटर, चालणारे आरपार जातात आणि गाडी फक्त आतल्या रहिवाशाचीच येते, आल्या बाजूने परत जाते. खांब कुलूप लावून काढता येतील असे ठेवा, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशामक दलाला चावी द्या. हे करताना वाड्यावरच्या प्रत्येक घरात आधी जा, खरंच प्रत्येक घरात, कारण एकाचा विरोध राहिला तर महिन्याभरात खांब गेलेला असतो.

ट्रॅक कुठे पाहिजे आणि कसा

मोठ्या, वेगवान रस्त्यांना मात्र वेगळा ट्रॅक पाहिजेच. बांबोळी, पर्वरी, मेरशी, आमच्या बांधाचा काही भाग. इथे रंगाचा पट्टा मारून भागत नाही, तासाभरात त्याच्यावर गाड्या पार्क होतात.

ट्रॅक एका दिशेचा असेल तर दोन मीटर रुंदी मागा, म्हणजे टोपलीवाल्या पोदेराला ओलांडून दुसरा सायकलवाला जाऊ शकेल. सायकल ट्रॅकसाठी आयआरसी ११ आहे, २०१५ मध्ये सुधारलेली, पत्रात तिचा उल्लेख करा. फुटपाथ खाऊन ट्रॅक घेऊ नका, चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा आयआरसी १०३ मध्ये सांगितलीय, आणि चालणाऱ्यांशी भांडण लावून सायकलचं काही भलं होणार नाही, जागा गाड्यांच्या पार्किंगमधून घ्यायची. रस्ता आणि ट्रॅक ह्यांच्यामध्ये खरी कड पाहिजे, सलग काँक्रिटची किंवा कुंड्यांची, पण मध्ये मध्ये पाणी जायला फटी, नाहीतर पहिल्याच पावसात ट्रॅकचा व्हाळ म्हणजे ओढा होतो. पृष्ठभाग डांबर किंवा गुळगुळीत काँक्रिट. पेव्हर ब्लॉक नकोत, ते गोव्याच्या पावसात वर्षा-दोन वर्षांत खाली-वर होतात. बसस्टॉप आला की ट्रॅक स्टॉपच्या मागून न्या. आणि नाक्यावर ट्रॅक संपवू नका! अपघात नाक्यावर होतात आणि ट्रॅक नेमका नाक्याच्या वीस मीटर आधी संपतो, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की प्लॅन हातात आला की मी आधी फक्त नाके बघते.

पुण्यात २००० च्या दशकात बीआरटीच्या, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गांच्या, जोडीने ट्रॅक झाले, तुकड्या तुकड्याने, मध्येच झाड, मध्येच विजेचा डीपी बॉक्स, मध्येच दुकानाची पायरी, आणि लोक ते सोडून रस्त्यावरूनच जायला लागले. स्पेनमधल्या सेव्हिया शहराने उलटं केलं. तिथे पण आधी सायकल नावालाच होती, पण २००६ ते २०१० च्या दरम्यान त्यांनी पार्किंगची जागा घेऊन सव्वाशेच्या आसपास किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं जाळं केलं, आणि एक टक्क्याच्या आत असलेलं सायकलचं प्रमाण काही वर्षांत सहा-सात टक्क्यांवर गेलं. दोन्हीकडे ट्रॅकच होते, पण एका ठिकाणी घरून निघून कामावर पोचता येत होतं, दुसरीकडे नाही.

पाऊस आणि ऊन

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून "इथे सायकल चालणार नाही" असं म्हणणाऱ्यांना मी पोदेराकडे बोट दाखवते. पण तो निळ्या प्लास्टिकखाली पाव कोरडे ठेवतो, स्वतः भिजतो. आपण शहर म्हणून काय करू शकतो ते बघा: साचणाऱ्या पाण्याच्या जागा मे महिन्यात नोंदवून द्या, कारण पाण्याखालचा खड्डा सायकलवाल्याला दिसत नाही. ऑफिसात, शाळेत रेनकोट टांगायला दांडी आणि पाय धुवायला नळ एवढं जरी असलं तरी चार माणसं सायकलने येतात. मडगार्ड दोन्ही चाकांना पाहिजे, चिखल अंगावर येत नाही. पावसात रिमचे ब्रेक उशिरा लागतात, हे मुलांना आधी सांगा. आणि खारी हवा आहे, चेनला आठवड्यातून एकदा पुसून तेल घाला नाहीतर ऑगस्टपर्यंत ती लाल झालेली असते.

उन्हाला एकच उत्तर, झाडं. रुंदीकरणात सगळ्यात आधी झाडं जातात आणि मग दुपारी दोनला त्या रस्त्यावर कोणी चालत नाही, सायकल तर लांबच. तुमच्या रस्त्यावरचं प्रत्येक मोठं झाड नकाशावर लिहून ठेवा, पश्चिमेच्या बाजूचं तर नक्कीच, दुपारनंतर सावली तीच देतात.

फेरीबोट विसरू नका

अटल सेतू २०१९ मध्ये सुरू झाला, त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे सायकलला तो नाहीच. जुन्या मांडवी पुलांवर वाऱ्यात आणि ट्रकांत सायकल चालवणं सगळ्यांना जमत नाही. पण पणजी-बेती, रायबंदर-चोडण, जुने गोवे-दिवाडी ह्या फेऱ्या आपल्याकडे आहेत, सायकल घेऊन चढलं की नदी पार. चोडण, दिवाडीला खाजनाच्या, म्हणजे खारं पाणी अडवून केलेल्या शेतांच्या, बांधावरून सायकल चालवणं ह्याच्यासारखं सुख नाही, आणि तिथल्या लोकांना रोज पणजीला यायला फेरी आणि सायकल मिळून सगळ्यात स्वस्त पडतं. मागण्या छोट्या आहेत: धक्क्याच्या उतारावरचं शेवाळ पावसात आठवड्याला घासायचं, ओहोटीला उतार खूप तिरका होतो तेव्हा सायकल हातात धरून चालायला बाजूने दांडी, बोटीत कठड्याला सायकल टेकवायला आणि बांधायला जागा, आणि धक्क्यावर छप्पर असलेलं सायकल स्टँड. उतारावर सायकलवर बसून उतरू नका, ओल्या लोखंडावर चाक घसरतं.

लावायची जागा

एका गाडीच्या जागेत दहा सायकली राहतात. उलट्या यू आकाराचा लोखंडी पाईप, उंची पाऊण मीटर, दोन पाईपांमध्ये मीटरभर अंतर, जमिनीत काँक्रिटने पक्का. सायकलची फ्रेम त्याला कुलूप लावता आली पाहिजे. फक्त पुढचं चाक अडकवायचे स्टँड घेऊ नका, चाक वाकतं आणि चोर उरलेली सायकल घेऊन जातो. जागा दरवाज्याजवळ, रखवालदाराच्या नजरेत. बाजार, कदंब बसस्टँड, शाळा, फेरी धक्का, वाचनालय. बसस्टँडची जागा विशेष महत्त्वाची, फोंडा किंवा साखळीला घरापासून स्टँडपर्यंत सायकल आणि पुढे बस असं जमलं तर घरातली दुसरी स्कूटर घ्यावी लागत नाही.

शाळा

मुलांसाठी सायकलची रांग सुरू करा. आठ-दहा मुलं, पुढे एक मोठा, मागे एक मोठा, ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा, स्कूल बससारखंच. आठवड्यातून एक दिवस, शुक्रवार म्हणा, तेवढंच सुरू करा. आमच्याकडे पहिल्या शुक्रवारी चार मुलं होती, पाचव्याला अकरा. पालक तयार होत नाहीत तोपर्यंत मुख्याध्यापकांकडे जायचं, गेटसमोर पंधरा मिनिटं गाड्यांना बंदी एवढी एकच गोष्ट मागायची, कारण शाळेसमोर मुलांना सगळ्यात मोठा धोका इतर पालकांच्या गाड्यांचा असतो.

बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या भरपूर वाढली, लांबच्या गावांत जास्त. सत्तरी, काणकोणसारख्या तालुक्यांत, जिथे बस दिवसातून मोजक्याच आहेत, तिथे हाच विचार व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सायकल हातात आली की मुलगी बसच्या वेळेवर आणि कोणी सोडायला येईल ह्याच्यावर अवलंबून राहात नाही.

एक सकाळ रस्ता बंद

बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना देतात, गुरुग्राममध्ये २०१३ ला तेच राहगिरी ह्या नावाने सुरू झालं. पण आपल्याला लांब जायला नको, कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकीला आपण मुख्य रस्ते तासन् तास बंद करतोच, मिरामारला आयर्नमॅनची शर्यत होते तेव्हा ९० किलोमीटर सायकलिंगसाठी बंदोबस्त लागतो. पोलिसांना, मनपाला हे जमतं, सवय आहे. तेच महिन्यातून एका रविवारी सकाळी सहा ते नऊ, एक किलोमीटर, मुलांसाठी मागा. जिल्हाधिकारी आणि वाहतूक पोलीस दोघांना महिनाभर आधी अर्ज, पर्यायी रस्त्याचा नकाशा जोडून, चर्चमधल्या मिसाच्या म्हणजे प्रार्थनेच्या आणि देवळातल्या पूजेच्या वेळा बघून. तिथे एक सायकल मिस्त्री बसवा जो फुकट ब्रेक, हवा, चेन बघून देईल. घराघरात धूळ खात पडलेल्या सायकली त्याच दिवशी बाहेर येतात.

करून दाखवा, मग पक्कं मागा

कायमचं बांधकाम मागितलं की सगळे घाबरतात. महिन्याभराची ट्रायल मागा: कोन, कुंड्या, रंग. केंद्र सरकारने २०२० मध्ये सायकल्स फॉर चेंज हे आव्हान काढलं तेव्हा शंभरावर शहरांनी त्यात नाव नोंदवलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच शहरांनी ह्याच पद्धतीने, आधी तात्पुरतं करून, सुरुवात केली होती, त्यामुळे अधिकाऱ्यांना हे नवीन नाही.

दुकानदारांचा विरोध होईलच. त्यांच्यावर चिडू नका, त्यांचं पोट आहे. एका दुकानासमोर उभं राहून दोन तास मोजा, गिऱ्हाईक कसं आलं, चालत, स्कूटरने, गाडीने, आणि समोर लावलेल्या गाड्या कोणाच्या आहेत. आम्ही मोजलं तेव्हा बऱ्याच गाड्या सकाळी नऊला लागून संध्याकाळी सहाला निघणाऱ्या होत्या, म्हणजे गिऱ्हाईकाच्या नव्हत्याच. हा कागद दुकानदाराला दाखवला की बोलणं बदलतं. सामान उतरवायला सकाळची वेळ ठरवून द्या, ती मागणी त्यांची रास्त आहे.

ट्रायलच्या आधी आणि नंतर तेच नाके, त्याच वेळा, तेच रकाने परत मोजा. आकडा वाढला नाही तर लपवू नका, का वाढला नाही ते परत फिरून बघा, बहुतेक वेळा एखादा नाका राहिलेला असतो.

रात्रपाळीचे लोक

हॉटेलातून रात्री बाराला निघणारा मुलगा मीटिंगला येणार नाही, पत्र लिहिणार नाही, त्याला मराठी-कोकणी पण नीट येत नसेल. पण तो सगळ्यात धोक्यात आहे. वर्गणी काढा, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, कॅरिअरला चमकणारी पट्टी, दोन-तीनशे रुपयांत होतं. मोजणीच्या रात्रीच जाग्यावर बसवून द्या, नुसते वाटले तर खिशात राहतात. पोदेराच्या टोपलीला मागच्या बाजूने पट्टी लावा, कारण टोपलीमुळे मागचा दिवा झाकला जातो, हे आम्हाला आमच्या पोदेरानेच दाखवलं.

देखभाल कोण करणार

हा प्रश्न पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा. झाडलोट, जाळ्या, झुडपं, रंग, दिवे, प्रत्येकाला खातं आणि महिना ठरवून घ्या, आणि ट्रॅक नवीन होत असेल तर निविदेतच देखभालीची वर्षं घालायला लावा. आमचं वेळापत्रक असं आहे: मे मध्ये जाळ्या आणि साचणारं पाणी, जुलैत एक पहाट पावसातली मोजणी, चतुर्थी झाली की झुडपं आणि खड्डे, ऑक्टोबरात रंग (आधी मारला तर पावसात जातो), जानेवारीत परत मोजणी. प्रत्येक वेळी फेरी मारताना एक दिवस पोदेराबरोबर जायचं, तो कुठे उतरून सायकल हातात धरतो ते लिहायचं. गेल्या वेळी तो तीन जागी उतरला, दोन वळणं आणि दिवजा सर्कल. वळणांची पत्रं गेलीत, सर्कलसाठी आता उचललेल्या क्रॉसिंगचा नकाशा काढायला घेतलाय.